अध्यक्षांची खुर्ची, सीईओंची सही

धाराशिव जिल्हा परिषदेत गावचे काम घेऊन आलेल्या माणसाला दोन दालने ठाऊक असतात. एक अध्यक्षांचे, दुसरे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचे, म्हणजे सीईओंचे. शाळेच्या खोल्या, रस्ता, आरोग्य केंद्र यांवरच्या ठरावाच्या सभेला अध्यक्ष बसतात. पैसा मात्र सीईओंच्या सहीशिवाय सुटत नाही. राष्ट्रपती मोठे की पंतप्रधान, राज्यपाल मोठे की मुख्यमंत्री, यावर आपण हिरिरीने बोलतो. आपल्याच जिल्ह्यात खुर्ची आणि सही वेगळी कशी झाली, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. ते जाणून घ्यायला नळदुर्गपर्यंत मागे जावे लागते.

1853 च्या तहाने निजामाने इंग्रजांच्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख कंपनीच्या हवाली केला. या मुलखावर फिलिप मेडोज टेलर अधिकारी म्हणून आला आणि नळदुर्गला राहू लागला. सारा ठरवणे, बंदोबस्त राखणे, फिर्याद ऐकणे ही सगळी कामे त्याच्याच कचेरीत होत. टेलर कष्टाळू होता, रयतेबद्दल त्याला आस्था होती. पण त्याने चुकीचा निर्णय दिला, तर त्याला जाब विचारणारे जिल्ह्यात कोणी नव्हते. रयतेचे सुख एका माणसाच्या स्वभावावर अवलंबून होते.

1860 मध्ये हा मुलूख निजामाकडे परतला. त्यानंतर निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने जिल्हाबंदी केली. तोवर महसूल गोळा करण्याचे मक्ते दिले जात आणि मक्तेदार रयतेला पिळून काढत. सालारजंगाने 1865 मध्ये जिल्हे आखले आणि प्रत्येक जिल्ह्यावर पगारी अव्वल तालुकदार नेमला. त्याच्या हाताखाली दुय्यम आणि सोयम तालुकदार. मक्तेदारीच्या तुलनेत ही मोठी सुधारणा होती. जिल्ह्याचे ठाणे आधी नळदुर्गला होते, ते विसाव्या शतकाच्या आरंभी धाराशिवला आले. लोकल फंडाचा कर बसला आणि रस्ते, दवाखाने यांसाठी मंडळे निघाली. मात्र त्यांचे अध्यक्षपद अव्वल तालुकदाराकडेच राहिले. खर्च सुचवणारा, मंजूर करणारा आणि करणारा एकच.

वर हैदराबादेत मात्र अधिकारांची वाटणी सुरू झाली होती. 1919 मध्ये निजामाने कार्यकारी मंडळ नेमले; त्याचे पहिले अध्यक्ष, म्हणजे सदर-ए-आझम, सर अली इमाम. 1921 मध्ये न्यायदान महसुली अधिकाऱ्यांकडून काढून वेगळे केले गेले. ब्रिटिश हिंदुस्थानात कलेक्टरच मॅजिस्ट्रेटही होता, त्या काळातले हे पाऊल. पण या वाटणीत रयतेच्या मताला जागा नव्हती. मंडळ निजामाने नेमायचे आणि निजामानेच मोडायचे.

13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून भारतीय फौज हैदराबाद संस्थानात शिरली. नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीवरचा पूल सुरुवातीलाच हाती आला, आणि 17 सप्टेंबरला निजाम शरण आला. 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात आला. पुढचा प्रश्न जिल्ह्याचा होता: तालुकदाराची खुर्ची कलेक्टरला मिळाली, आता लोकांना काय मिळणार?

बलवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये त्रिस्तरीय पंचायत राज्याची शिफारस केली होती. तिच्या आराखड्यात खरा कारभार पंचायत समितीकडे होता आणि जिल्ह्याच्या मंडळाचे अध्यक्षपद कलेक्टरकडे. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने जून 1960 मध्ये तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मार्च 1961 मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने हा आराखडा उलटवला. कारभाराचा कणा जिल्हा ठरला, कलेक्टर जिल्हा परिषदेबाहेर राहिला, अध्यक्ष सदस्यांतून निवडला जाऊ लागला आणि अंमलबजावणीसाठी सरकारने वरिष्ठ दर्जाचा स्वतंत्र अधिकारी द्यायचे ठरले. 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. तालुकदाराकडे एकवटलेले अधिकार धाराशिवमध्ये त्या दिवशी दोन माणसांत वाटले गेले.

ही वाटणी कायद्याने बारकाईने केली आहे. कलम 54 प्रमाणे अध्यक्ष सभा बोलावतो, चालवतो, परिषदेचे कोणतेही दप्तर पाहू शकतो. आर्थिक आणि प्रशासकीय कारभारावर लक्ष ठेवतो, ठरावांच्या अंमलबजावणीसाठी सीईओंवर देखरेख करतो. आणीबाणीच्या प्रसंगी मंजुरीची वाट न पाहता एखादे काम सुरू करायला किंवा थांबवायला सांगू शकतो. जिल्हा निधीतून पैसे काढण्याचा अधिकार मात्र त्याला नाही; तो सीईओंकडे आहे. सीईओ नेमते सरकार, पण दोन तृतीयांश सदस्यांनी ठराव केला तर सरकारला त्यांना परत बोलवावे लागते. सदस्य अध्यक्षावरही अविश्वास आणू शकतात. म्हणजे दोघेही उत्तरदायी आहेत. जिल्हा परिषदेला लोक मिनी मंत्रालय म्हणतात, ते या रचनेमुळे सार्थ ठरते.

73 व्या घटनादुरुस्तीने 1993 मध्ये अध्यक्षपदाला घटनेचा आधार दिला. त्याचे आरक्षण फिरते झाले. 2011 पासून राज्यात निम्म्या जागा महिलांच्या झाल्या. जिथे तालुकदारासमोर उभे राहायलाही सामान्य बाई धजली नसती, तिथे तिची नात किंवा पणती सभा चालवू शकते. या कुळकथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा टप्पा हाच.

मार्च 2022 मध्ये धाराशिवसह राज्यातल्या बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक नेमले गेले. प्रशासक म्हणजे सीईओच. खर्च सुचवणे, मंजूर करणे आणि करणे ही तिन्ही कामे पुन्हा एका टेबलावर आली, आणि ती तशी काही महिने नव्हे, वर्षानुवर्षे राहिली. त्या काळात अनेक अधिकाऱ्यांनी मनापासून काम केले असेल. टेलरनेही केले होते. प्रश्न माणसाच्या चांगुलपणाचा नाही. दप्तर मागवण्याचा आणि भर सभेत जाब विचारण्याचा हक्क कोणाकडे उरला, हा आहे. घटनेचे कलम 243-ई सांगते की, मुदत संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. ते पाळले गेले नाही, याची किंमत भूम-परांड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंतच्या गावांनी मोजली, कारण त्यांच्या वतीने बोलणारा सदस्यच नव्हता.

म्हणून अध्यक्षपदाची ताकद मोजायची असेल, तर गाडी आणि दालन पाहून भागणार नाही. अध्यक्षाने किती दप्तरे उघडली, किती ठरावांची अंमलबजावणी तारखेनिशी मागितली, हे पाहावे लागेल. सदस्याने निवडून आल्याबरोबर कलम 54 वाचावे, सर्वसाधारण सभेत लेखी प्रश्न द्यावा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. मतदारानेही निवडणूक लांबली की लगेच विचारणा करावी. नळदुर्गच्या कचेरीपासून आजपर्यंत जवळपास पावणेदोनशे वर्षांच्या खटाटोपाने सहीवर देखरेख ठेवणारी खुर्ची जिल्ह्याला मिळाली आहे. ती एक दिवसही रिकामी राहू न देणे ही सरकारची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडून घेणे ही आपली.