सिटाटुंगा
आफ्रिकेच्या दलदलींत राहणारा कुरंग. शास्त्रीय नाव ट्रॅजेलॅफस स्पेकी. नाईलचा उगम शोधणाऱ्या जॉन हॅनिंग स्पीकवरून ते पडले. ओकाव्हांगो, बांगवेउलू, सुद अशा पाणथळींत, पपायरसच्या दाटीत तो आढळतो. पिळदार शिंगे फक्त नराला. खरे नवल खुरांचे: लांबट, निमुळते, चिखलात फाकणारे; त्यामुळे एरवी जिथे जनावर रुतेल तिथे हा सहज चालतो. कोरड्या जमिनीवर मात्र त्याची चाल अगदीच बेंगरूळ. केस तेलकट असल्याने अंगात पाणी मुरत नाही. धोका जाणवताच तो खोल पाण्यात शिरतो आणि नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून निश्चल राहतो. रोजच्या ठरलेल्या वाटा तो सहसा सोडत नाही. शिकारी फासे मांडतात ते नेमके तिथेच.