बेडकाचे हृदय आणि दमेकऱ्याचा श्वास

कवायतीला धाप लागते म्हणणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीला मी सोंगाडी ठरवले होते. दवाखान्यात तिची फुंकर मोजली, तर तीही चोख! अखेर तिची बाजू घेतली ती मेथाकोलीनने.

या औषधाचे मूळ एका स्वप्नात आहे. झोपेत सुचलेला प्रयोग, असे ओटो लोवी स्वतःच सांगत. ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे त्यांनी मज्जातंतू चेतवून बेडकाचे हृदय मंद केले. त्यातला द्रव दुसऱ्या हृदयावर घालताच तेही मंदावले. १९२१ साली हे त्यांनी जगापुढे ठेवले. (१९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासह नोबेल मिळाले, १९३८ मध्ये नाझींनी ते पैसेही हिसकावले!) तो पदार्थ ॲसिटिलकोलीन. श्वासनलिकाही तोच आवळतो, पण शरीर त्याला क्षणात मोडून टाकते. रसायनज्ञांनी त्याच्या रेणूला मिथिलची जोड दिली, आणि अधिक टिकणारे मेथाकोलीन झाले.

त्याचे तुषार वाढत्या मात्रेने श्वासातून देतात. पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा २० टक्क्यांनी घटली की थांबतात. निरोगी माणूस बराच तग धरतो. दमेकऱ्याच्या नळ्या थोडक्यातच आवळतात. तिच्या तशाच आवळल्या. मग त्या मोकळ्या करणारे औषध दिले.

अहवाल घेऊन ती वर्गात उभी राहिली, तेव्हा हजेरीपटावरून माझी नजर वर उठेना.