मोकळें बालपण कोणाचें?

घरांतील वडील मंडळी जुन्या आठवणी सांगूं लागली म्हणजे एक वाक्य त्यांत हटकून येतें : "आमच्या मागें असें कोणी फिरत नव्हतें." सकाळीं न्याहारी करून बाहेर पडावें, नदींत डुंबावें, चिंचा-आंवळे पाडावे आणि दिवेलागणीस शुभंकरोति म्हणावयाला परत यावें, मधल्या वेळीं मूल कोठें होतें याची चौकशी कोणी करीत नसे. शहरांतील आजचें मूल गाडींतून शाळेंत, शाळेंतून शिकवणीला आणि तेथून घरीं जातें. त्याच्या खिशांत मोबाइल असतो, आणि तरीहि आईचा जीव थाऱ्यावर नसतो. हा फरक पाहून मन हळहळतें. ती हळहळ खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या स्वातंत्र्यासाठीं ती वाटते तें कोणाच्या वांट्याला येत होतें, हें एकदां तपासून पाहिलें पाहिजे. आपल्याकडील थोरांनीं आपल्या लहानपणाविषयीं लिहून ठेविलें आहे. साक्षीदार शोधावयास दूर जावें लागत नाहीं.

पहिली साक्ष धोंडो केशव कर्वे यांची. १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'आत्मवृत्ता'चे हे लेखक १८७५ सालीं कोंकणांतील मुरूड गांवाहून साताऱ्यास परीक्षेला निघाले. वय १७. आगगाडी नाहीं, मोटार नाहीं. भर पावसांत, सह्याद्रि ओलांडून, सुमारें ११० मैलांची वाट त्यांनीं कांहीं सोबत्यांसह पायीं तुडविली. साताऱ्यास पोंचल्यावर, मुलगा वयानें लहान दिसतो, एवढ्याच कारणावरून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं! आजच्या बापाच्या अंगावर ही हकीकत वाचून कांटा येईल. पण येथें बेपर्वाई नव्हती, विश्वास होता. कामगिरी खरी होती, वाट खरी होती, आणि पदरीं आलेली निराशाहि खरीच होती. ती कोणा वडिलांनीं अंगावर घेतली नाहीं. मुलानेंच ती घरीं आणली आणि पचविली. जुन्या बालपणांत हेवा करण्याजोगें कांहीं असेल तर तें हेंच.

आतां दुसरी साक्ष पाहा. ती त्याच सातारा जिल्ह्यांतील आहे आणि अवघ्या २६ वर्षांनंतरची. १९०१ सालीं जेमतेम दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर आपला भाऊ व भाचे यांच्यासह, कोणी वडील माणूस बरोबर नसतां, सुट्टींत वडिलांकडे गोरेगांवीं निघाले. वडील तेथें नोकरीस होते. मुलांनीं नवे कपडे घातले होते. आगगाडीचा प्रवास म्हणून मन हरखलें होतें. मसूर स्टेशनावर तीं उतरलीं, पण निरोप न पोंचल्यामुळें वडिलांकडून कोणी आलें नव्हतें. मुलें महार आहेत असें कळतांच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. बैलगाडी मिळेना. अखेर दुप्पट भाडें कबूल करून गाडी मुलांनीं स्वतः हांकावी आणि गाडीवानानें बाजूनें चालावें असें ठरलें. जवळ खावयास पुष्कळ होतें; पण वाटेंत कोणी पाणी दिलें नाहीं, म्हणून तीं रात्रभर उपाशीं राहिलीं. हीहि मुलें एकटींच निघालीं होतीं. पण एका मुलाला मोकळी वाट मिळाली आणि दुसऱ्याला पाण्याचा घोंटहि मिळाला नाहीं. 'सारें गांवच मुलांवर लक्ष ठेवी' असें आपण कौतुकानें म्हणतों, तेव्हां गांवाची नजर सर्वांवर सारख्याच मायेनें पडत नव्हती, हें विसरतां कामा नये.

तिसरी साक्ष मुलींची. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ सालीं झाला, तेव्हां त्या ११ वर्षांच्या होत्या आणि न्यायमूर्ति ३१ वर्षांचे. आनंदीबाई जोशी यांचें लग्न ९ व्या वर्षीं झालें. १४ व्या वर्षीं त्या आई झाल्या आणि तें मूल दहा दिवसांत गेलें. ज्या वयांत भाऊ नदींत उड्या मारी, त्या वयांत बहीण डोक्यावर पदर घेऊन सासरच्या उंबरठ्याआंत वावरे. सासुरवासाइतकी कडक देखरेख आजच्या कोणत्या मुलावर आहे?

तेव्हां देखरेख वाढली ती केवळ पालकांच्या भित्रेपणामुळें, असें मानणें बरोबर नाहीं. तिचा कांहीं भाग सुधारकांनीं झगडून मिळविला आहे. १८९१ च्या कायद्यानें संमतिवय १० वरून १२ वर नेलें, तेवढ्यानेंहि महाराष्ट्रांत केवढें रण माजलें! १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या लग्नासाठीं १४ वर्षांची मर्यादा घातली. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें आणि मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेविला. गुरांमागें रानोमाळ हिंडणाऱ्या पोराचें 'स्वातंत्र्य' त्या सक्तीनें हिरावून घेतलें खरें. पण त्याच्या हातीं पाटी दिली.

मग मागील पिढ्यांकडून आपण घ्यावें तरी काय? त्यांची वाट पुन्हां आणतां येणार नाहीं, आणि सर्वस्वीं आणूंहि नये. परंतु कर्व्यांना मिळालेला विश्वास मात्र घेण्यासारखा आहे. तो आतां मुलीलाहि द्यावयाचा, आणि वाटेंतल्या प्रत्येक दारांतून प्रत्येक मुलाला पाणी मिळेल असें गांव उभें करावयाचें. एवढें केलें तर मुलाला एकटें सोडण्याची भीतिहि पुष्कळ ओसरेल.

यापुढें घरांत जुन्या दिवसांच्या गोष्टी निघाल्या, म्हणजे आजोबांचें ऐकून झाल्यावर आजीकडे वळावें आणि विचारावें, "आजी, तूं कुठें खेळायला जात होतीस?" तिच्या उत्तराआधीं जी थोडी स्तब्धता पडेल, तिच्यांतहि आपल्या बालपणाचा बराच इतिहास सांपडेल.