वस्तू सापडली, पण कुठे?

औंढ्याच्या नागनाथाची एक कथा वारकऱ्यांच्या घरोघरी सांगितली जाते. गुरूच्या शोधात नामदेवराय इथे आले. पाहतात तर देवळात एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निजलेला. ‘पाय बाजूला घ्या’ असे त्यांनी सांगताच म्हातारा म्हणाला, ‘बाबा, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव.’ नामदेवरायांनी पाय जिकडे नेले तिकडे पिंड प्रकटली. तो म्हातारा म्हणजेच विसोबा खेचर. कीर्तनकार या कथेतून सर्वव्यापी देवाचा अर्थ उलगडतात आणि तो आपण ऐकलेला आहे. आज त्याच कथेतला एक साधा शब्द हाताशी धरून आपण जरा वेगळ्या वाटेने जाऊ. तो शब्द म्हणजे ‘कुठे’.

आपल्या भागात जमीन उकरली जाते आणि तिच्यातून काहीबाही वर येते. नांगराच्या फाळाला, विहिरीच्या खोदकामात, शेततळ्याच्या मातीत, जुन्या वाड्याच्या पायात अशा वस्तू मिळतात. बहुतेक वस्तू साध्याच असतात. बैलगाडीचे चाक निसटू नये म्हणून आखाला घालायची खीळ, चाकाची धाव, चुन्याची डबी, सुरमादाणी, अडकित्त्याचे एक पाते, देवघरातला झिजलेला टाक. कधी तांब्याचा ढब्बू पैसा मिळतो. नीट धरून पाहिल्यावर त्याच्यावर नागरी अक्षरे दिसली तर ती शिवराई असू शकते. कधी चारमिनार कोरलेले नाणे सापडते आणि ‘बादशाही मोहर’ मिळाली अशी गावभर चर्चा होते. ते असते निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे हाली नाणे, फार तर विसाव्या शतकातले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा त्याच राज्यात होता आणि आपल्या पणज्यांचा बाजार त्याच नाण्यांवर चालत होता.

पण काही वस्तू ओळखू येत नाहीत. समजा, मातीत पितळेची एक जाडसर वाटी मिळाली. मधोमध फुगीर, त्या फुगवट्यात आरपार भोक, कडा सपाट. कोणी म्हणेल डबीचे झाकण, कोणी म्हणेल घोड्याच्या साजाचा तुकडा. पण तिच्या शेजारीच हातभर अंतरावर अगदी तशीच दुसरी वाटी मिळाली, तर वारकऱ्याला विचारावे लागणार नाही. दोरी कुजून गेली असली तरी तो टाळ आहे हे पाहताक्षणी कळते. एकटी वाटी मुकी होती, जोडीदार मिळाल्यावर ती बोलली. जुनी वस्तू ओळखण्याचे सगळे शास्त्र यात आले. वस्तू काय आहे हे तिच्या अंगावर थोडे लिहिलेले असते. ती कुठे होती, किती खोल होती, सोबत काय होते, यात त्याहून पुष्कळ जास्त लिहिलेले असते.

हे मोठ्या प्रमाणावर कसे घडते ते नाशिककडे पाहिले म्हणजे कळते. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी १३ हजारांहून अधिक होती आणि सगळी क्षहरात राजा नहपानाची. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर मात्र दुसराच ठसा वरून मारलेला होता. राजाच्या चेहऱ्यावरच डोंगरासारखे चिन्ह उमटवलेले आणि सोबत गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव. असे एखादे नाणे एखाद्याच्या हाती आले असते तर टाकसाळीतली चूक म्हणून त्याने सोडून दिले असते. पण हजारो नाणी एका जागी, एकाच रीतीने पुन्हा ठोकलेली मिळाली, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. जिंकणाऱ्याने हरलेल्या राजाचे चलन गोळा करून त्यावर आपले नाव उमटवले होते. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश उखडून टाकला असे ती माता त्यात सांगते. दगडावरच्या तिच्या शब्दाला चांदीने साक्ष दिली. हा साठा कोणी गुपचूप आटवला असता तर सोनाराच्या मुशीत फक्त चांदी उरली असती, साक्ष उरली नसती.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. १९३९ साली वाशीमचे ताम्रपट प्रसिद्ध झाले. ते वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे, त्याच्या राज्याच्या ३७व्या वर्षाचे. वंशाची हकिगत संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. दान दिलेले गाव नांदीकडाच्या उत्तरेकडील भागातले. नांदीकड म्हणजे आजचे नांदेड. वाशीम आणि नांदेड यांच्या मधल्या पट्ट्यात आपले औंढा येते, म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या पत्र्यावर आपल्याच मुलखाचा उल्लेख आहे. त्याआधी वाकाटकांची वाशीमची, म्हणजे वत्सगुल्माची, शाखा इतिहासाला ठाऊकच नव्हती. खरी गंमत पुढे आहे. अजिंठ्याच्या १६व्या लेण्यात वाकाटकांचा एक शिलालेख आहे. ऊनपावसाने अक्षरे झिजलेली, म्हणून पूर्वीच्या विद्वानांकडून त्यातले एक नाव चुकीचे वाचले गेले होते. वाशीमच्या ताम्रपटात सर्वसेन हे नाव स्पष्ट मिळाले. तो आधार घेऊन वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि तिथेही सर्वसेनच असल्याचे दाखवून दिले. जमिनीतून आलेल्या तांब्याने डोंगरातल्या दगडाचे वाचन सुधारले.

आता तिसरी गोष्ट. ती प्रवरेच्या काठची आहे आणि प्रवरा म्हटले की वारकऱ्याचे मन नेवाशाला जाते. शके १२१२ मध्ये माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली ती याच नदीच्या तीरावर. त्याच प्रवरेवर नेवाशाच्या वरच्या अंगाला, श्रीरामपूर तालुक्यात, दायमाबाद नावाची ओसाड पांढर आहे. १९७४ साली तिथे एक भिल्ल शेतकरी झाडाचे मूळ खणत होता. मुळाशी त्याला चार धातूच्या मूर्ती लागल्या: दोन बैल जोडलेला रथ व त्यात उभा असलेला माणूस, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. रथ ४५ सेंटीमीटर लांब आहे. मूर्ती पोकळ नाहीत, भरीव ओतलेल्या आहेत. चारींचे मिळून वजन ६० किलोंहून जास्त भरते. जनावरांनाही चाकांची सोय केलेली, म्हणजे ती ओढून न्यायची होती. चार हजार वर्षांपूर्वी या नदीकाठी कोणाची तरी मिरवणूक निघत असेल, हे नुसते मनात आणले तरी अंगावर काटा येतो.

पण ‘चार हजार वर्षांपूर्वी’ हे शब्द लिहिताना लेखणी थोडी अडते. पुढच्या वर्षांत शां. आ. साळी यांनी दायमाबादला सविस्तर उत्खनन केले. त्यात उत्तर हडप्पा काळाची वस्ती उघड झाली. मधुकर ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी या मूर्ती त्याच काळातल्या मानल्या आणि पुष्कळांनी ते मत स्वीकारले. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र धातूचे पृथक्करण पाहून शंका काढली. या मूर्तींत सोमलाचे, म्हणजे आर्सेनिकचे, प्रमाण एक टक्क्याहून जास्त आहे. त्या ताम्रपाषाण काळातल्या इतर वस्तूंत असे मिश्रण दिसत नाही. म्हणून मूर्ती पुष्कळ नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्या असाव्यात असे त्यांनी मांडले. दोन मतांत हजारो वर्षांचे अंतर पडते. हा वाद का उरला? मूर्ती कमी सुंदर आहेत म्हणून नाही, की विद्वान कमी हुशार आहेत म्हणूनही नाही. मूर्ती मातीतून बाहेर आल्या त्या क्षणी मातीचा थर पाहणारे कोणी तिथे नव्हते, म्हणून. शेजारचे खापर, राखेचा पट्टा, खड्ड्याची कड, ही साक्ष तेव्हा नोंदली गेली असती तर उत्तर सोपे झाले असते. त्या शेतकऱ्याचा यात काडीचा दोष नाही, तो तर सरपणासाठी मूळ काढत होता. त्याच्यामुळेच आपल्याला त्या मूर्ती मिळाल्या. दोष असेल तो आपल्या सवयीचा. वस्तू दिसली की आपला हात आधी वस्तूकडे जातो, मातीकडे जात नाही.

हल्ली ही सवय यंत्राने वाढवली आहे. धातुशोधक यंत्र घेऊन पडक्या गढ्या आणि पांढरी धुंडाळणारे लोक दिसू लागले आहेत. यंत्राच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र निघते, जमिनीतल्या धातूत त्यामुळे विजेचा प्रवाह उठतो आणि यंत्र वाजते. खिळा असला तरी वाजते, ताम्रपट असला तरी वाजते. वस्तू किती जुनी आहे हे त्याला कळत नाही आणि शेजारचे मातीचे खापर त्याला दिसतच नाही. माणूस खड्डा करतो, वाजलेली वस्तू काढतो आणि बाकीचे उकरून फेकतो. आपल्या टाळाची जोडी अशीच तुटते.

याच्या जोडीला गुप्तधनाचा नाद आहे. अमावस्येला लिंबू, कोंबडे, मांत्रिक आणि शेवटी पोलीस, असल्या बातम्या आपण वाचतो. अशा अघोरी प्रकारांना २०१३च्या महाराष्ट्राच्या कायद्याने बंदी आहे. संतांनी तर कितीतरी आधी या वाटेला जाऊ नका म्हणून बजावले होते. लोभाने खणलेल्या खड्ड्यातून इतिहास वर येत नाही.

मग सामान्य माणसाने काय करावे? वस्तू दिसली तर तिथेच थांबावे. शक्यतो जागची हलवू नये. जागेचा आणि वस्तूचा फोटो काढावा, किती हात खोल होती ते लिहून ठेवावे. चिंच, राख, लिंबू यांनी घासू नये. तांब्यावरचा हिरवा थर आणि त्याला चिकटलेली माती यांतच वयाची खूण असते, शिवाय पुसट अक्षरे घासताना निघून जातात. तलाठ्यामार्फत तहसीलदारांना किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे. संरक्षित स्मारकाच्या जागी तर परवानगीवाचून खोदणे हाच गुन्हा आहे.

‘कळवले की सरकार सगळे नेते’ ही भीती गावोगावी आहे. १८७८चा निखात निधी अधिनियम वेगळे सांगतो. जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवणे बंधनकारक आहे. वस्तूचा जुना मालक सिद्ध झाला नाही आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात आधी काही ठरलेले नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारने ती संग्रहासाठी घेतली तर धातूच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा देण्याची तरतूद आहे. लपवणाऱ्याचा मात्र वाटाही जातो आणि शिक्षाही होते. प्रामाणिक माणसाने घाबरावे असे या कायद्यात काही नाही.

तरी शेवटी हा प्रश्न कायद्यापेक्षा दृष्टीचा आहे. वस्तू आपल्या हाती येते तेव्हा आपण विचारतो, ‘ही काय आहे? केवढ्याची आहे?’ ज्याला जाणून घ्यायचे आहे तो आधी विचारतो, ‘ही कुठे होती? कोणासोबत होती?’ विसोबांनी नामदेवरायांना पिंडीवरून नजर उचलून सगळ्या भूमीकडे पाहायला लावले. पिंड तेवढी पवित्र आणि भोवतालची जमीन रिकामी, असा भेद उरला नाही. जुन्या वस्तूंच्या बाबतीत हाच धडा आपल्याला रोजच्या व्यवहारात वापरता येईल. तांब्याचा तुकडा तेवढा मौल्यवान आणि त्याभोवतीची माती म्हणजे कचरा, असे नाही. त्या मातीवर आपल्या आधी कितीएक माणसे राबली, जेवली, नाचली आणि गेली. त्यांची नावे कुठल्याही पत्र्यावर नाहीत. त्यांची ओळख सांगणारी एवढीच एक वही उरली आहे. ती फाडून त्यातला एक शब्द घरी नेण्यापेक्षा, जिथे आहे तिथेच ती वाचू द्यावी.

रामकृष्ण हरी.