रामल्ला येथील एक ध्वनिमुद्रण

जेरुसलेमच्या उत्तरेस, थोड्याच अंतरावर, रामल्ला हे पॅलेस्टिनी शहर आहे. २१ ऑगस्ट २००५ रोजी तेथील सांस्कृतिक भवनात दौऱ्यावर आलेल्या एका युवा वाद्यवृंदाने मोझार्ट व बीथोव्हेन यांच्या रचना सादर केल्या. त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण पुढे प्रसिद्ध झाले.

‘वेस्ट-ईस्टर्न दिवान’ हे त्या वाद्यवृंदाचे नाव जर्मन कवी गटे यांच्या काव्यसंग्रहावरून घेतलेले आहे. ज्यू संगीतकार डॅनियल बारेनबॉइम आणि जेरुसलेममधील ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद यांनी १९९९ साली जर्मनीतील वायमार येथे त्याची स्थापना केली. इस्रायली व अरब तरुण त्यात शेजारी बसून वाजवू लागले.

परंतु रामल्लाची वाट बिकट होती. इस्रायली नागरिकांना तेथे जाण्यास त्यांच्याच कायद्याने मनाई होती. सीरिया व लेबनॉनच्या तरुणांवरही बंधने होती. अखेर स्पेन सरकारने सर्वांना राजनैतिक पारपत्रे दिली आणि कडक बंदोबस्तात ही मुले तेथे पोहोचली. हा दिवस पाहण्यास सईद मात्र नव्हते. २००३ साली त्यांचे निधन झाले होते.

त्या मैफलीने शांतता आणली नाही. आपला उपक्रम अज्ञानाविरुद्ध आहे, शांततेची हमी नव्हे, असे बारेनबॉइम सांगत आले आहेत. तथापि, शेजाऱ्याचा सूर ऐकल्यावाचून वाद्यवृंदात कोणालाच आपला सूर लावता येत नाही. बीथोव्हेनची पाचवी सिंफनी त्या संध्याकाळी पूर्ण झाली, ती एकमेकांचे ऐकले म्हणूनच. त्या ध्वनिमुद्रणात आजही ऐकू येते ते हेच.