टनामागे अर्धा पेनी

सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत दार आपटू नये म्हणून खाली एक दगड लावलेला असायचा. नाउरू बेटावरून कुणीतरी तो आणला होता, आणि लाकडाचा दगड झालाय अशी सगळ्यांची समजूत होती. १८९९ साली अल्बर्ट एलिस नावाच्या तरुण कर्मचाऱ्याला शंका आली. त्यानं एक तुकडा तपासला, तर तो उत्तम प्रतीचा फॉस्फेट निघाला.

मी तासगावला खताचं दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. कृषी महाविद्यालयात असताना अशी तपासणी आम्हीही करायचो. खडकाची पूड नायट्रिक आम्लात विरघळवायची, अमोनियम मॉलिब्डेट घालायचं, पिवळाधमक साका बसला की स्फुरद आहे. फार वेळ लागत नाही. पुढं काउंटरवर बसून सुपर फॉस्फेटची पोती विकताना हा खडक कुठून येतो, हे गिऱ्हाइकानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. धंद्यातनं मोकळा झाल्यावर वाचायला लागलो, तेव्हा नाउरू भेटलं.

विषुववृत्ताच्या किंचित खाली, मायक्रोनेशियातलं हे बेट २१ चौरस किलोमीटरचं. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढं. माणसं किनाऱ्याच्या पट्ट्यात राहायची, नारळ आणि मासे यांवर जगायची, आणि बेटाच्या मधल्या उंचवट्यावर फॉस्फेट. १८८८ मध्ये जर्मनीनं बेट ताब्यात घेतलं. खाणीचे हक्क ब्रिटिश कंपनीकडे गेले, आणि १९०७ मध्ये पहिला माल बाहेर पडला. ज्याच्या जमिनीतून खडक निघायचा त्याला टनामागे अर्धा पेनी मिळायचा. शेजारच्या बनाबा बेटावर तर एलिसनं १९०० साली त्याहून मोठी कमाल केली होती. खाणकामाचा करार: वर्षाला ५० पौंड, मुदत ९९९ वर्षं. सही करणाऱ्यांना सगळ्या बेटाच्या वतीनं सही करायचा अधिकार तरी होता का, हे विचारायला तिथं कोण होतं?

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियानं नाउरू घेतलं. मग ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांनी कंपनीच विकत घेतली आणि मालाची वाटणी ठरवली: ४२, ४२ आणि १६ टक्के. राष्ट्रसंघाच्या कागदावर हे बेट विश्वस्तांच्या हाती होतं. विश्वस्तांनी फॉस्फेट बाजारभावानं विकला नाही, आपापल्या देशातल्या शेतकऱ्यांना जवळपास खर्चाच्या किमतीत दिला. ऑस्ट्रेलियाचा गहू आणि न्यूझीलंडची कुरणं यावर पोसली गेली.

इथं दुकानदार म्हणून मला बोलायचा हक्क आहे. स्वस्त खत नावाची वस्तू जगात नसते. पोत्यावरचा दर आणि खरी किंमत यांतला फरक कुणीतरी भरत असतो. आपल्याकडं तो केंद्र सरकार अनुदान म्हणून कंपनीला देतं, बजेटमध्ये आकडा दिसतो, त्यावरून भांडणं होतात. नाउरूत तो फरक जमिनीचे मालक भरत होते, आणि त्याचा आकडा कुठल्याच बजेटमध्ये येत नव्हता. त्यांचा वाटा पुढं वाढला, पण पेनी-पेनीनं.

लोकसंख्येचं दुखणं वेगळंच. १९२० च्या फ्लूनं बेट हादरलं होतं. वंश टिकायचा तर निदान १,५०० माणसं हवीत, असं ठरलं. २६ ऑक्टोबर १९३२ ला तो आकडा गाठणारी मुलगी जन्मली. तो दिवस आजही ‘अंगाम’ म्हणून साजरा होतो. दहा वर्षांत जपानी आले. महारोगाच्या ३९ रुग्णांना त्यांनी बोटीत बसवून समुद्रात बुडवलं, आणि १,२०० नाउरूवासीयांना मजुरीसाठी ट्रुक बेटांवर नेलं. तिथून ३१ जानेवारी १९४६ रोजी ७३७ जण परतले. त्यांच्यातला हॅमर डीरोबर्ट पुढं स्वतंत्र नाउरूचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. स्वातंत्र्यासाठी १९६८ सालची तारीखही मुद्दाम ३१ जानेवारीच निवडली.

स्वातंत्र्याआधी ऑस्ट्रेलियानं सगळ्यांना क्वीन्सलंडजवळच्या कर्टिस बेटावर हलवायचं सुचवलं होतं. धरणग्रस्तांचं पुनर्वसन पाहिलेल्या माणसाला ही भाषा ओळखीची वाटेल. नाउरूवाल्यांनी नाही म्हटलं. उलट स्वतःच्याच बेटावरची यंत्रसामग्री २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून विकत घेतली आणि १९७० पासून खाण आपल्या हातात आणली.

त्यानंतरची गोष्ट जग हसत-हसत सांगतं. मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत, स्वतःची विमानसेवा, लंडनच्या रंगभूमीवर लिओनार्दो द विन्चीवर पडेल संगीतनाटक. उधळपट्टी झालीच, सल्लागारांनीही हात धुऊन घेतले, आणि २००४ मध्ये ती इमारत कर्जापायी विकावी लागली. पण हसण्याआधी त्या पहिल्या साठ वर्षांचा हिशेब मांडावा. नाउरूनं नेमलेल्या न्यायमूर्ती वीरमंत्री यांच्या आयोगानं तो मांडला, १९८९ मध्ये नाउरूनं ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, आणि १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियानं १० कोटी ७० लाख डॉलर देऊन मिटवून घेतलं. बेटाचा सुमारे चार-पंचमांश भाग तोवर खणून झाला होता. तिथं आता प्रवाळाच्या चुनखडीचे सुळके उभे आहेत. नांगर सोडा, बकरीसुद्धा चरणार नाही.

फॉस्फेटच्या पैशातली एक गुंतवणूक मात्र मला शहाणपणाची वाटते, कारण ती आपल्या धंद्यातली. १९८१ मध्ये भारत सरकार आणि नाउरू यांनी भागीदारीत ओडिशात पारादीप फॉस्फेट्स ही कंपनी काढली. खडक देणारा देश खताच्या कारखान्याचा मालक झाला! १९९३ मध्ये नाउरू त्यातून बाहेर पडलं, २००२ मध्ये कंपनी झुआरी आणि मोरोक्कोच्या संयुक्त कंपनीकडे गेली, आणि २०२२ मध्ये गोव्याच्या झुआरीनगरचा कारखानाही पारादीपनं घेतला. नाउरूनं तो हिस्सा धरून ठेवला असता तर आमच्या गोदामातल्या पोत्यांवर त्याला आजही लाभांश मिळाला असता.

त्याऐवजी २००१ पासून ऑस्ट्रेलियानं नको असलेले निर्वासित तिथं ठेवायला घेतले, त्याचं भाडं हे बेटाचं मोठं उत्पन्न झालं. आणि आता प्रशांत महासागराच्या तळाशी पडलेले धातूचे गोळे काढायला निघालेल्या एका परदेशी कंपनीला नाउरूनं आपलं नाव दिलंय. जून २०२१ मध्ये नाउरूनं आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाला नोटीस देऊन दोन वर्षांत नियम करा म्हणून सांगितलं. त्या कंपनीशी झालेल्या करारात टनामागे किती ठरलंय, ते आधी बघायला हवं.