कऱ्हा, नीरा, भीमा : नकाशात नदी, पण पाणी कुणाचे?

बारामती कऱ्हेच्या काठी वसली आहे. कऱ्हा पुढे नीरेला मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा नरसिंहपूरला, भीमेला मिळते. म्हणजे इंदापूर तालुका दोन नद्यांच्या कुशीत आहे. तरीही हा सगळा पट्टा अवर्षणप्रवण आहे. नद्या असूनही दुष्काळ, हे इथले भूगोलाचे कोडे. पण हे कोडे नुसते पावसाचे नाही, ते सत्तेचे आणि जातीचेही आहे.

१८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीची जमीन मोजणी सुरू केली ती याच इंदापूर तालुक्यात. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, मातीची प्रतवारी झाली, खातेदाराचे नाव सरकारी वहीत चढले. पण गावाचे निरोप नेणारा, सीमा राखणारा, मेलेली ढोरे ओढणारा महार त्या वहीत कुठे होता? वतनाच्या तुकड्यात! जमीन मोजली गेली, त्याचे श्रम कुणीच मोजले नाहीत.

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला. कोरडवाहू माळावर ऊस उभा राहिला. पुढे वालचंदनगर आणि नंतर सहकारी साखर कारखाने आले. कालव्याचे पाणी मिळाले ते सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याला. ज्याच्याकडे जमीनच नव्हती, त्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या उसातली मजुरी आली. याला निसर्गाचा कोप म्हणायचे का?

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध विधेयक मांडले. वतने संपवणारा कायदा मात्र १९५८ चा, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतरचा. त्यातही जमीन आपोआप मिळाली नाही. कब्जेहक्काची रक्कम सरकारात भरणाऱ्यालाच ती नव्या शर्तीवर परत मिळायची होती. पोटाला भाकरी नाही, तो रक्कम कुठून भरणार?

आता नगरपालिकेकडे वळू. बारामतीची नगरपालिका १८६५ ची. सुरुवातीच्या अशा नगरपालिकांत सरकारने नेमलेले लोक बसत. पुढे निवडणुका आल्या, पण मत कर भरणाऱ्या मालमत्ताधारकाला. नगरपालिकेने ठराव केला तरी पाणी मिळतेच असे नाही, हे महाडने दाखवले. तिथल्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, पण प्रत्यक्ष पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ चा सत्याग्रह लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव रद्दही केला! कागदावरचा हक्क आणि घागरीतले पाणी यांत एवढे अंतर असते.

२०११ च्या जनगणनेत बारामती शहराची लोकसंख्या ५४,४१५ होती. मित्रांनो, हा आकडा पाठ करून उपयोग नाही, तो फोडून वाचला पाहिजे. नगरपालिकेच्या निवडणुकीत अनुसूचित जातींच्या राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात, आणि ज्या प्रभागात हे प्रमाण जास्त तो प्रभाग राखीव होतो. वस्तीच्या मधून प्रभागाची रेघ ओढली, तर तीच माणसे दोन्हीकडे अल्पसंख्य होतात. माणूस कमी होत नाही, त्याचे वजन कमी होते. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे तोच जुना आकडा वर्षानुवर्षे आपले प्रतिनिधित्व ठरवत राहिला.

आता केंद्राने २०२७ च्या जनगणनेत जात मोजण्याचे जाहीर केले आहे. १९३१ नंतर पहिल्यांदाच सर्व जातींची मोजणी होणार आहे. गणक दारात येईल तेव्हा आपल्या वस्तीतले एकही घर सुटता कामा नये. प्रभागरचनेचा मसुदा निघाला की नकाशा घेऊन बसा, मुदतीत लेखी हरकत द्या. तलाठी कार्यालयात जाऊन वतन जमिनींचे जुने फेरफार काढा, आजचा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते पाहा.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्यासारख्या नदी प्रकल्पांच्या धोरणाला आकार दिला. पाणी हा त्यांच्यासाठी दानाचा विषय नव्हता, नियोजनाचा आणि हक्काचा होता. नकाशा आणि जनगणना ही इतरांची कागदपत्रे समजून सोडून देऊ नका. ती वाचायला शिका, शिकवा आणि त्यांच्या आधारे संघर्ष करा.

जय भीम!